घरटं न शोधता मोराची वीण कशी पाहावी: इंदूरच्या पक्षीनिरीक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने

पहिला जोरदार पाऊस झाला की इंदूरच्या पक्षीप्रेमी मंडळींची धांदल सुरू होते. कुणी सिमरोलच्या बाजूला शेताच्या बांधावर गवत बाजूला सारत घरटं शोधतं, कुणी अंड्यांचा अगदी जवळून फोटो काढतं, कुणी ‘आईने टाकून दिलं’ म्हणून मोराचं पिल्लू खोक्यात घालून घरी आणतं. हेतू चांगला असतो, क्रम मात्र पार उलटा. मोराची वीण पाहायला घरट्यापर्यंत जावंच लागत नाही. आवाज, नाचाची जागा, लांडोरीचं वागणं आणि शेवटी तिच्यामागे चालणारी पिल्लं, एवढ्यावरून अंडी कधी घातली आणि कधी उबली याचा चांगला अंदाज बांधता येतो. तो कसा बांधायचा, ते खाली क्रमाने देतो आहे. टप्पे गाळू नका. बहुतेक चुका मधला टप्पा गाळल्यानेच होतात.

१. आधी ठरवा, नेमका कोणता पक्षी पाहायचा आहे

फेजंट, म्हणजे कोंबडी-मोराच्या कुळातले पक्षी, म्हटलं की हिमालयातले मोनाल आणि कालिज आठवतात. ते माळव्यात नाहीत. पण मोर त्याच कुळातला, आणि तितर, चकोत्री, बटेर हे त्याचे लहान भाऊबंदही आपल्याकडे आहेत. प्रत्येकाची जागा वेगळी आणि विणीचा काळही वेगळा, म्हणून एका फेरीत सगळे पाहू म्हणणाऱ्याच्या हाती काहीच नीट लागत नाही.

मोर शेतं, नाल्याकाठची झाडी आणि गावाजवळची मोठी झाडं पसंत करतो. राखी तितर कोरड्या माळावर आणि काटेरी झुडपांत असतो. पिवळसर गळ्याभोवती बारीक काळी कड ही त्याची खूण. रंगीत तितराचा चेहरा तांबूस आणि अंगभर पांढरे ठिपके. तो गवताळ काळ्या जमिनीत आणि पिकांच्या कडेला असतो. लाल चकोत्री झाडीच्या, पानगळीच्या उतारांवर पानं उकरत फिरते. डोळ्याभोवती लाल कातडी आणि लाल पाय. रंगीत चकोत्री खडकाळ, काटेरी टेकड्यांची. तिच्या नराच्या तांबूस अंगावर काळ्या कडेचे पांढरे ठिपके असतात आणि चेहऱ्यावर लाल कातडी नसते.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. खरमोर हा मोर नव्हे, तो माळढोकाच्या कुळातला. त्याच्यासाठी १९८३ साली सैलाना आणि सरदारपूर ही अभयारण्यं झाली. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून वर उड्या मारतो आणि तेवढं पाहायला लोक थेट गवतात घुसतात. तसं कधीही करू नका. तो पक्षी आता फार थोडा उरला आहे आणि मादी त्याच गवतात अंड्यांवर असते. दुसरा गैरसमज रानकोंबड्याचा. चोरल किंवा महूकडच्या पाड्यांजवळ दिसलेला झळाळता कोंबडा बहुतेक वेळा गावातला देशी असतो, आणि काळाभोर असेल तर झाबुआचा कडकनाथ. राखी आणि लाल रानकोंबड्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात त्या पूर्वेला, पचमढीच्या बाजूला. ‘रानकोंबडा दिसला’ अशी नोंद करण्याआधी मान, शेपूट आणि चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो हवाच.

२. काळ ठरवा

उत्तर आणि मध्य भारतात मोराची वीण पावसाशी बांधलेली आहे. नराचा पिसारा फेब्रुवारीपासून वाढू लागतो, उन्हाळ्याअखेर पूर्ण भरतो आणि ऑगस्टअखेरपासून गळू लागतो. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बसतो. तेव्हा मे महिन्यात जागा पक्की करायची, जून-जुलैत नाच आणि आवाज नोंदवायचे, ऑगस्ट-सप्टेंबरात पिल्लं मोजायची.

सगळे सरसकट पावसाळ्यात विणतात असं समजू नका. चकोत्री बहुधा जानेवारी ते जून या काळात, म्हणजे पावसाच्या आधी विणते. राखी तितराचा मुख्य काळ एप्रिल ते सप्टेंबर. रंगीत तितर मात्र पूर्ण पावसावर अवलंबून; जून ते सप्टेंबर तो दगडावर, ढेकळांच्या उंचवट्यावर किंवा फांदीवर चढून सारखा ओरडतो. चकोत्री पाहायची असेल आणि तुम्ही जुलैत निघालात, तर हिरवाई भरपूर दिसेल, पक्षी दिसणार नाही.

*तपासा:* वहीच्या पहिल्या पानावर पक्ष्याचं नाव आणि त्याच्यासमोर तीन गोष्टी लिहिल्या आहेत का? आवाजाचे महिने, उबवणीचे महिने, पिल्लांचे महिने. नसतील तर अजून निघू नका.

३. सामान आणि कपडे

आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. मळखाऊ किंवा हिरवट कपडे, घोट्याच्या वर येणारे बूट, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली वही आणि पेन्सिल. पावसात शाई फुटते. मोबाईलवर आवाज टिपता येतो, तेवढा पुरे. पण त्यावरून आवाज वाजवू नका. नराला दुसरा नर आल्याचा भास होतो, तो नाच सोडून शोधत फिरतो आणि सकाळ वाया जाते, तुमची आणि त्याचीही. ड्रोन तर मुळीच नको. घरचा कुत्रा घरीच ठेवा.

*इशारा:* चोरल, पातालपानी, तिंछा या भागांत पावसाळ्यात नाल्याचं पाणी अचानक वाढतं. वर पाऊस पडलेला खाली कळत नाही. पाणवठ्यावर बसायचं तर काठापासून वर, परतीची वाट मोकळी ठेवून बसा. या जंगलपट्ट्यात बिबट्याही आहे. मोर एकदम कर्कश, तुटक ‘कॉक-कॉक’ करू लागले आणि वानरांनीही साथ दिली, तर जागा सोडा.

४. जागा: चार बिंदू शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मोराचा दिवस चार ठिकाणांभोवती फिरतो: रात्रीचं झाड, पाणी, चरण्याची जागा आणि नाचाची जागा. हे चार बिंदू कागदावर मांडता आले की पुढचं निरीक्षण निम्म्याने सोपं होतं.

रात्रीचं झाड उंच आणि खाली मोकळं असतं. वड, पिंपळ, चिंच, अर्जुन, कधी शेताच्या मधोमध एकटा उभा निलगिरी. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास लांब उभे राहा. मोर जड पंख फडफडवत एकेक करून वर चढतात आणि फांदीवर स्थिर होईपर्यंत ओरडतात. सकाळी तेच झाड तपासायचं तर पावणेसहाच्या आत पोहोचा. उजाडल्यावर ते उतरतात आणि लगेच पांगतात.

पाण्यावर ते सकाळी आणि दुपार कलताना येतात. चरायची जागा पिकाप्रमाणे बदलते: उन्हाळ्यात बोराच्या झुडपांखाली आणि नांगरटीत, पेरणी झाली की सोयाबीनच्या कोवळ्या शेतात. शेतकऱ्याशी आधी बोला, परवानगी घ्या. कोंब खाल्ल्यामुळे त्याचं नुकसान होत असतं, आणि त्याच्या उभ्या पिकातून तुम्ही चालत गेलात तर उद्या तो मोरांचा आणखी राग करेल. बियाण्याला औषध लावून पेरलेल्या शेतात मरून पडलेला मोर दिसला तर हात लावू नका. जागा लिहा आणि वनविभागाला कळवा.

नाचाची जागा बहुधा थोडी उघडी असते: बांधाचा रुंद भाग, पडीक तुकडा, देवळामागचं मैदान, जुन्या विहिरीचा कठडा. एकच नर रोज त्याच जागी येतो आणि दुसरे नर हाकेच्या अंतरावर आपापली जागा धरून असतात. लांडोरी या जागांमधून फिरत नर पाहतात. म्हणून एक नर सापडला की बाकीच्यांसाठी वणवण करू नका, तिथेच थांबून कान द्या.

राळामंडलसारख्या अभयारण्यात जायचं तर उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या आणि ठरलेली वाट सोडू नका. शहराला लागून असल्याने तिथे सुट्टीच्या दिवशी गर्दी होते. आठवड्याच्या मधली सकाळ चांगली.

५. आधी कान, मग डोळे

पहिल्या काही सकाळी पक्षी पाहण्याचा हट्टच धरू नका. एका जागी उभे राहा, दहा मिनिटं फक्त ऐका आणि आवाजाची दिशा कागदावर बाणाने दाखवा. मग तीनेकशे पावलं बाजूला जाऊन पुन्हा तेच. दोन ठिकाणांहून काढलेले बाण जिथे छेदतात, तिथे साधारण नर आहे. एवढ्याने कुणालाही न हलवता त्या परिसरात किती नर आहेत ते कळतं.

मोराचा लांब ‘म्याँऽऽव’ बहुतेकांना ओळखता येतो. विणीच्या काळात तो दिवसभर, ढग गडगडले की जास्त, आणि रात्रीही येतो. राखी तितराचं ‘का-ती-तर, ती-तर’ चढत जातं आणि जोडी मिळून ओरडते, म्हणून दोन आवाज म्हणजे दोन नर असं धरू नका. रंगीत तितराचा आवाज रुक्ष, करकरीत, जणू गवतात कुणी मोडकी चरखी फिरवतं आहे. चकोत्रीचा आवाज कोंबडीच्या कटकटीसारखा, पानगळीतल्या खसखशीसोबत येणारा.

*नेहमीची चूक:* आवाज आला की त्या दिशेने चालत सुटणं. पक्षी गप्प होतो, पायीच सरकतो आणि तुम्हाला वाटतं इथे कुणी नाही.

६. नर, मादी आणि वय ओळखा

ही पायरी चुकली की पुढची सगळी नोंद बिघडते. पिसारा नाही म्हणून ‘लांडोर’ लिहिणं ही सर्वात जास्त आढळणारी चूक. सप्टेंबरनंतर प्रौढ नराचाही पिसारा गळलेला असतो. म्हणून आधी मान पाहा. गडद निळी मान आणि छाती म्हणजे नर, पिसारा असो वा नसो. लांडोरीची मान खालच्या भागात हिरवी, पोट पांढुरकं, बाकी अंग तपकिरी.

एक वर्षाचा नर खरी परीक्षा घेतो, कारण तो लांडोरीसारखाच दिसतो. त्याने पंख उघडण्याची वाट पाहा: नराची उडायची मोठी पिसं तांबूस-विटकरी असतात आणि बंद पंखावर आडवे पट्टे दिसतात, लांडोरीची तीच पिसं तपकिरी. दुसऱ्या वर्षीच्या नराची मान निळी होते, पण पिसारा आखूड आणि डोळे न उमटलेला. पूर्ण पिसारा यायला साधारण चौथं वर्ष लागतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे नाच पाहताना गोंधळ होणार नाही. पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. ती शेपटीच्या मुळावरची लांबलेली पिसं आहेत. खरी शेपूट त्यांच्या मागे, आखूड, ताठ आणि तपकिरी. पिसारा उभा धरण्याचं काम तिचं. पाठमोऱ्या मोराकडे लोक कंटाळून पाहत नाहीत, पण ही रचना तिथूनच दिसते.

७. नाच पाहताना

किमान पन्नास पावलांवर, झाडाच्या किंवा बांधाच्या आडोशाला, नर यायच्या आधी बसा. तो आल्यावर जागा बदलू नका. ऊन अंगावर येईल असं बसू नका. दुर्बिणीची काच चमकली तरी तो सावध होतो.

क्रम असा पाहा. आधी नर पिसारा उभारतो आणि बराच वेळ लांडोरीकडे पाठ करून उभा राहतो, पंख खाली लोंबवून थरथरवत. ती जवळ आली की झटकन वळतो आणि पिसारा पुढे झुकवून जोरात सळसळवतो. शांत सकाळी ती सळसळ दूरवर ऐकू येते. लांडोर मात्र बहुतेक वेळा दाणे टिपत राहते, जणू तिचं लक्षच नाही. तिच्या त्या दुर्लक्षावर जाऊ नका. ती त्याच नराकडे पुन्हा येते का, हे लिहा. सगळ्या नाचात कामाची नोंद तीच.

*तपासा:* पक्ष्याने चरणं थांबवून मान ताठ केली तर तुम्ही जास्त जवळ आहात. हलू नका. त्याने पुन्हा चोच खाली घातली की हळूच मागे सरका.

नाच म्हणजे वीण झालीच असं नाही. नर मे महिन्यात, लांडोर नसतानाही पिसारा उभारतो. वहीत ‘नाच’ आणि ‘लांडोर हजर’ असे दोन वेगळे रकाने ठेवा.

८. लांडोरीच्या वागण्यावरून उबवणी ओळखा

मोर घरट्याच्या कामात कुठेच नसतो. त्याच्या जागेवर अनेक लांडोरी येतात, पुढचं सगळं त्या एकट्या करतात. झुडपाखाली, गवतात किंवा बांधाच्या आडोशाला उथळ खळगा, त्यात थोडी पानं-काड्या, आणि चार ते सहा, क्वचित आठ फिकट बदामी अंडी. अंडी साधारण एक दिवसाआड घातली जातात. बसणं नीट सुरू होतं ते घालून झाल्यावर, आणि त्यानंतर सुमारे २८ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

हे सगळं घरटं न पाहता कसं कळतं? रोज तीन-चार लांडोरींचा थवा येत असेल आणि जुलैत तो हळूहळू विरळ झाला, तर त्या बसल्या आहेत. बसलेली लांडोर दिवसातून थोडा वेळच उठते. ती एकटी दिसते, घाईघाईने चरते, पाणी पिते, धुळीत भराभर लोळते आणि थेट एका दिशेने निघून जाते. ती दिशा लिहा आणि तिथेच थांबा. तिच्या मागे जाऊ नका.

मागे गेलात तर काय होतं? तुमच्या पायवाटेने गवत दबतं, वासावर कुत्री येतात, आणि माणूस कशावर वाकतो ते कावळे टिपून ठेवतात. मुंगूस, घोरपड, रानमांजर हे अंड्यांचे शत्रू आधीच त्या भागात असतात. त्यांना वाट दाखवायचं काम आपण करू नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे ‘शिकार’ या व्याख्येतच बसतं, आणि मोर त्यातल्या सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. फोटोसाठी गवत बाजूला करणारा माणूस कायद्याच्या लेखी शिकाऱ्याच्या रांगेत जातो.

९. उलटं गणित मांडा

आता ऑगस्टात पिल्लांसह लांडोर दिसेपर्यंत थांबा. पिल्लं उबल्यापासूनच पायावर उभी असतात आणि आईमागे चालत स्वतः टिपतात. अगदी लहान असताना ती फिकट बदामी लवेची, मानेवर गडद खूण असलेली. दोनेक आठवड्यांत खालच्या फांदीपर्यंत उडी घेतात आणि रात्री आईच्या पंखाखाली फांदीवर बसतात. महिन्याच्या सुमारास डोक्यावर तुरा फुटू लागतो.

समजा १५ ऑगस्टला तुम्हाला दोन आठवड्यांची वाटणारी चार पिल्लं दिसली. म्हणजे ती साधारण १ ऑगस्टला उबली. २८ दिवस मागे गेलात की ४ जुलै: तिथून लांडोर बसली. चार-पाच अंडी दिवसाआड घातली असतील तर त्याआधीचे सात-आठ दिवस, म्हणजे पहिलं अंडं जूनच्या शेवटच्या आठवड्यात. आता वही मागे उलटा. त्या आठवड्यात पाऊस कधी झाला, नाच किती दिसला, लांडोरींचा थवा कधी विरळ झाला? तारखा जुळल्या तर तुमची नोंद पक्की. चार-पाच दिवसांचा फरक चालतो; पंधरा दिवसांचा आला तर पिल्लांचं वय चुकलं आहे, किंवा दोन लांडोरी एकत्र चरत होत्या आणि तुम्ही दुसरीची पिल्लं हिच्या नावावर लिहिली.

*तपासा:* पिल्लं एकदाच मोजू नका. गवतात दोन हमखास लपलेली असतात. आई उघडी वाट ओलांडते तेव्हा मोजा, तोच आकडा खरा धरा.

१०. अंडी किंवा पिल्लू अचानक समोर आलं तर

न शोधताही कधी पायाखाली घरटं येतं. थबका, आल्या पावलीच मागे फिरा, खुणेसाठी काठी किंवा रुमाल बांधू नका. पेरणी-डवरणीत शेतकऱ्याला अंडी सापडली तर ती उचलून दुसरीकडे नेऊ नयेत; तेवढा तुकडा सोडून अवजार फिरवायला सांगा. पोल्ट्रीच्या कोंबडीखाली ठेवण्याचा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकू नका.

एकटं पिल्लू दिसलं म्हणजे ते टाकलेलं नसतं. आई तुम्हाला पाहूनच झुडपात गेलेली असते आणि हलक्या आवाजात बोलावत असते. शंभर पावलं मागे जा, अर्धा तास शांत बसा. बहुतेक वेळा ती येते. पिल्लू रस्त्याच्या मधोमध असेल तर हलकेच कडेच्या झुडपात सरकवा आणि निघून जा. जखमी असेल, कुत्र्याने धरलं असेल, तरच हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवा; पाणी चोचीत ओतू नका, आणि लगेच वनविभागाला फोन करा. घरी ‘बरं होईपर्यंत’ पाळणं बेकायदा आहे, आणि माणसाळलेला मोर पुन्हा रानात टिकत नाही.

११. नोंद कशी ठेवायची आणि काय सांगायचं नाही

प्रत्येक फेरीसाठी एकच पान: तारीख, वेळ, आभाळ, जागा, ऐकलेले नर, पाहिलेले नर, लांडोरी, पिल्लं आणि त्यांचं वय. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्य न लिहिणाऱ्याची वही वर्षअखेरीस निरुपयोगी ठरते, कारण पक्षी नव्हते की माणूस गेला नव्हता, हे कळत नाही.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना मोर आणि तितरांचे आकडे खुशाल द्या. चकोत्रीची जागा गावाच्या नावापुरतीच ठेवा, टेकडीची खूण देऊ नका. तितर-बटेरींसाठी फासे लावणारे आजही आहेत. व्हॉट्सॲप गटात विणीच्या काळातला फोटो त्याच दिवशी टाकू नका, आणि टाकताना मोबाईलमधलं ठिकाण बंद करा. फासा किंवा जाळं दिसलं तर स्वतः काढायला जाऊ नका. दुरून फोटो घ्या, जागा लिहून घ्या आणि त्याच दिवशी वनरक्षकाला दाखवा.

पिसारा गळण्याच्या दिवसांत नाचाच्या जागेजवळ पिसं पडलेली सापडतील. मुळाशी टोक कोरडं आणि स्वच्छ असेल तर पीस आपसूक गळलेलं आहे. टोकाला रक्त किंवा मांस चिकटलेलं असेल, किंवा एकाच जागी पिसांचा ढीग असेल, तर हात न लावता ती जागाही नोंदवा आणि कळवा.